मदत हवी आहे: यंदाचा फराळ मुलांच्या हातून करायचा आहे, कोणतं काम कुणाला द्यावं?

नमस्कार मंडळी,

भाऊबीजेसाठी ताई या वर्षी आधीच, म्हणजे वसुबारसेलाच येते आहे. भाची नऊ वर्षांची, भाचा सहाचा आणि माझी लेक चारची. आईला आता मनगटाच्या दुखण्यामुळे मळणं, लाटणं, सोऱ्या फिरवणं काहीच जमत नाही. ती म्हणाली, "या वर्षी विकतचाच आणा." मला ते मनापासून नको वाटतंय. आईने खुर्चीत बसून सांगावं, मुलांनी हाताने करावं आणि आम्ही मोठ्यांनी फक्त गॅस सांभाळावा, असा बेत आहे.

मुलांना पिठाचा एक गोळा देऊन बाजूला बसवायचं आणि खरा फराळ आपण उरकायचा, असं करायचं नाहीये. ताटात जे येईल ते त्यांनी केलेलं असावं. वेडंवाकडं चालेल, कच्चं किंवा वातड नको. आजीने हात धरून शिकवलेलं त्यांच्या लक्षात राहील, आणि आईलाही वाटेल की आपलं काही पुढे गेलं.

हे विचारायचं आहे:

चार, सहा आणि नऊ वर्षांच्या मुलांना झेपतील असे पदार्थ कोणते? माझ्या मनात शंकरपाळी, बेसनाचे लाडू, चिवडा आणि जमल्यास चकली आहे. करंजीबद्दल धाकधूक आहे, कारण मुलं सारण ठासून भरणार आणि ती तेलात फुटणार.

आईची मापं सगळी "मावेल तितका मैदा" अशी. मुलांना वाटीने मोजून घालायला आवडतं, म्हणून वाटीची मापं द्या.

भाच्याला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. चिवड्यात दाण्यांऐवजी काय घालू?

स्वयंपाकघर लहान आहे. तळणीच्या वेळी मुलं कुठे ठेवता? घरी छोटा ओव्हन आहे, त्यात होण्यासारखं काही असेल तर तेही सांगा.

---

सांगलीची मावशी:

दादा, बेत फार आवडला. आधी ॲलर्जीचं बोलते, ते सगळ्यात महत्त्वाचं. नुसते दाणे वगळून भागणार नाही. आपल्याकडे तळण बऱ्याच घरी शेंगदाणा तेलात असतं, तेव्हा यंदा सगळं सूर्यफुलाच्या तेलात करा आणि कढई, झारा आधी साबणाने स्वच्छ घासून घ्या. चिवड्याचा मसाला, भाजणी, फरसाण विकत आणत असाल तर पाकिटावरचं बारीक अक्षर वाचा. शेजारपाजारून येणारी फराळाची ताटंही त्याच्या हाताला लागणार नाहीत अशी ठेवा. चिवड्यात दाण्यांच्या जागी डाळं आणि सुक्या खोबऱ्याचे काप जरा जास्त घाला. काजू चालतात का ते ताईला विचारा, डॉक्टरांनी त्याबद्दलही सांगितलेलं असेल.

पातळ पोह्यांचा चिवडा धाकटीलाही जमतो. पोहे चाळणं, उन्हात पसरणं, कढीपत्त्याची पानं देठापासून ओढून काढणं ही कामं लहान बोटांना मस्त जमतात. फक्त पानं कोरडी असू द्या, ओली पानं गरम तेलात पडली की तेल अंगावर उडतं. फोडणी तुमची. ती पोह्यांवर पडून कोमट झाली की मीठ आणि पिठीसाखर भुरभुरवून हलक्या हाताने खालीवर करायचं काम मुलांचं. पोहे मोडतील थोडे. मोडू देत.

शंकरपाळी मात्र तुमच्या बेताचा कणा करा. एक वाटी दूध, एक वाटी साखर, एक वाटी तूप एकत्र गरम करायचं, साखर विरघळली की उतरवायचं, उकळत बसायचं नाही. पूर्ण गार झालं की मैदा घालत जायचं. साधारण पाच वाट्या लागतो, पण पाचवी वाटी चमच्याचमच्याने घाला, कारण मैद्या-मैद्यात फरक असतो. चिमूटभर मीठ हवंच. गोळा तासभर झाकून ठेवा. लाटायचं काम नऊ वर्षांच्या भाचीला द्या, पोळीपेक्षा चांगली जाड पोळी हवी. आणि कातणं द्या भाच्याला. ते चाक फिरवताना कडेला नागमोडी रेघ उमटत जाते ना, त्यात मुलं तासभर रमतात. चौकोनच हवेत असं नाही, फक्त जाडी सारखी ठेवायला सांगा, नाहीतर बारीक तुकडे करपतात आणि जाड आतून कच्चे राहतात.

तळताना आच मंद ते मध्यम. आधी एकच शंकरपाळी सोडून बघा. विरघळायला लागली तर तूप जास्त झालंय, मुठभर मैदा आणखी मळून घ्या.

---

वसईकर:

आमच्याकडे नाताळात हेच काम असतं आणि ते पूर्णपणे मुलांचंच असतं, म्हणून लिहितो. कलकल. गोव्यात कुलकुल म्हणतात. मैदा, थोडा रवा, साखर, नारळाचं दूध असं घट्टसर पीठ भिजवायचं, बोराएवढी गोळी काट्याच्या मागच्या बाजूवर दाबायची आणि टोकापासून गुंडाळत आणायची. रेघारेघांचा शंख तयार होतो. घरातली सगळी मुलं टेबलाभोवती बसतात आणि परातच्या परात भरतात. काट्याऐवजी नवा स्वच्छ कंगवाही चालतो.

तुमच्या शंकरपाळ्याच्याच पिठातून एक गोळा बाजूला काढा आणि चार वर्षांच्या लेकीला काटा द्या. तिला लाटणं झेपणार नाही, कातणं तिच्या हाती द्यायला नको, पण हे ती करेल. शिवाय तळून ताटातही जाईल. गुंडाळीचं टोक नीट दाबलेलं असावं, नाहीतर तेलात उलगडते.

करंजीची धाकधूक सोडा. नेवऱ्या आमच्याकडेही होतात. मुलांना साचा द्या आणि सारणासाठी एकच लहान चमचा ठरवून द्या: एक करंजी, एक चमचा. कडेला दुधाचं बोट मुलांनी फिरवायचं, दाबायचं मोठ्यांनी. लाटलेल्या पाऱ्या ओल्या फडक्याखाली ठेवा. सुकली की कड चिकटत नाही आणि मग ती उघडतेच, सारण कितीही असो.

---

तिखटमीठ:

चकलीबद्दल एक सांगायचं राहू नये. पिठात तिखट असतं आणि मुलं त्याच हाताने डोळे चोळतात. मुलांसाठी वेगळा गोळा बिनतिखटाचा भिजवा, ओवा आणि तीळ पुरेसे आहेत. दोन वाट्या भाजणीला एक वाटी पाणी. पाण्यात दोन मोठे चमचे तेल, मीठ, ओवा, तीळ घालून उकळवा, भाजणीत ओता, झाकून अर्धा तास ठेवा, मग भरपूर मळा. चकली पाडताना तुटत असेल तर मळणं कमी पडलंय किंवा पाण्याचा हात हवा आहे. तेलात विरघळत असेल तर मोहन जास्त झालंय.

सोऱ्याला जोर लागतो, तो तुम्ही फिरवा. खाली बटर पेपरचा तुकडा गोल गोल सरकवायचं काम भाचीचं. लहान दोन वेढ्यांच्या चकल्या पाडा, उचलताना मोडत नाहीत.

बेसनाचे लाडू मुलांना वळायला द्यायचे तर बेसन जाडसर घ्या, टाळूला चिकटत नाही. दोन वाट्या बेसनाला पाऊण वाटीच्या वर थोडं तूप, मंद आचेवर वास सुटेपर्यंत भाजा, घाई नको. पिठीसाखर सव्वा वाटी, पण मिश्रण कोमट झाल्यावरच, नाहीतर सैल होतं आणि मुलांच्या हातात लाडू बसत नाही. बेदाणा टोचायचा मान धाकटीला.

अनारसे यंदा नका घेऊ. तांदूळ तीन दिवस भिजवण्यापासून तळताना जाळी सांभाळण्यापर्यंत त्यात मुलांच्या वाट्याला फारसं काही येत नाही.

---

धागाकर्ता:

सगळ्यांचे मनापासून आभार. शेंगदाणा तेलाचं माझ्या ध्यानातच आलं नसतं, ताईला लगेच फोन केला. तिने काजूलाही नाही म्हटलंय, तेव्हा डाळं आणि खोबरं. आईला कलकल वाचून दाखवलं, तिने लगेच फडताळातून काटे काढायला लावले.

पहिल्या दिवशी शंकरपाळी आणि कलकल, दुसऱ्या दिवशी लाडू-चिवडा, तिसऱ्या दिवशी करंजी, आणि चकली जमली तर. तळणीचं आणि ओव्हनचं तेवढं कुणी सांगाल का?

---

सांगलीची मावशी:

तळण दुपारी ठेवा आणि त्या वेळी मुलांना किल्ला करायला खाली पाठवा. माती, विटा, मावळे मिळाले की स्वयंपाकघराकडे कुणी फिरकत नाही. कढई मागच्या शेगडीवर ठेवा.

ओव्हनमध्ये नानकटाई करा. दोन वाट्या मैदा, पाव वाटी बेसन, एक वाटी पिठीसाखर, एक वाटीला किंचित कमी घट्ट तूप, चिमूटभर बेकिंग पावडर, वेलची. तूप-साखर हाताने फेसायचं काम मुलांचं, पांढरं हलकं होईपर्यंत. १६० अंशावर पंधरा ते वीस मिनिटं, कड जराशी बदामी दिसली की बाहेर. गरम असताना मऊ लागते, गार झाली की खुसखुशीत होते, म्हणून आणखी भाजत बसू नका.