बातम्यांसाठी आरएसएस फीड आजही उपयोगाचे आहे का? पाणी बंदची सूचना, रिझर्व्ह बँकेची परिपत्रके आणि ठाण्याच्या बातम्या

घोडबंदरवासी

नमस्कार. मी मानपाड्याजवळ राहतो आणि एका नागरी सहकारी बँकेच्या कम्प्लायन्स विभागात काम करतो. प्रश्न थोडा लांबलचक आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ‘उद्या सकाळी नऊपासून चोवीस तास पाणी बंद’ असे बातमीचे कात्रण आले. रात्री अकरापर्यंत आम्ही पिंप, बादल्या, पातेली आणि शेवटी मुलीचा खेळण्यांचा टबसुद्धा भरून ठेवला. दुसऱ्या दिवशी पाणी नेहमीपेक्षा जोरात आले. बातमी खरी होती, पण मागच्या वर्षीची होती. कोणीतरी तारखेची ओळ कापून ती पुढे पाठवली होती. त्यानंतरच्या आठवड्यात खरोखरच पाणी बंद राहिले, तेव्हा ग्रुपवर चकार शब्द नव्हता आणि घरात दोन कळश्या पाणी होते.

कार्यालयातली तऱ्हा वेगळी, पण मूळ तेच. रोज सकाळी मी रिझर्व्ह बँकेचे संकेतस्थळ उघडतो, कालपासून काही नवे आले का ते पाहतो, मग पाच-सहा वृत्तपत्रांची स्थळे चाळतो, आणि एवढे करून एखादे परिपत्रक दुसऱ्या बँकेतल्या मित्राच्या फोनवरून कळते ते कळतेच. एका सहकाऱ्याने आरएसएस फीड वापरण्याचा सल्ला दिला. मी शोधयंत्रात मराठीत ‘आरएसएस’ असे टाइप केले, तर नागपूरच्या बातम्यांचा ढीग समोर आला, म्हणून इथे विचारतो आहे. ही सोय अजून चालू आहे का? फीडचा पत्ता कसा शोधायचा? आणि मराठी बातम्यांसाठी ती कितपत चालते?

ऐरोलीकर

आरएसएस बंद पडलेले नाही. बंद पडला तो गूगल रीडर, म्हणजे गूगलची फीड वाचण्याची सेवा. ऑक्टोबर 2005 मध्ये सुरू झालेली ती सेवा 1 जुलै 2013 रोजी बंद झाली, आणि बहुतेकांच्या हाती तेवढी एकच खिडकी असल्यामुळे खिडकी मिटली म्हणजे रस्ताच संपला अशी समजूत पसरली. पुढे डिसेंबर 2018 मध्ये फायरफॉक्सनेही 64व्या आवृत्तीतून फीड वाचण्याची अंगभूत सोय काढून टाकली. रस्ता मात्र होता तिथेच आहे, आणि पॉडकास्ट ऐकणारे लोक नकळत रोज त्यावरून जातात, कारण पॉडकास्टचा नवा भाग फोनपर्यंत पोहोचतो तो सहसा आरएसएस फीडमधूनच.

फीड म्हणजे संकेतस्थळाने ठेवलेली एक साधी एक्सएमएल फाइल. तिच्यात प्रत्येक बातमीचे शीर्षक, दुवा, थोडासा सारांश आणि प्रकाशनाची तारीख-वेळ असते. आपला रीडर, म्हणजे फीड वाचणारा प्रोग्रॅम, ठरावीक काळाने त्या फाइलकडे जाऊन ‘मागच्या फेरीनंतर काही बदलले का’ एवढेच विचारतो. बदलले नसेल तर सर्व्हर ‘काही बदल नाही’ या अर्थाचा 304 हा आकडा परत पाठवतो आणि काम तिथेच संपते. नेटस्केपने हा प्रकार 1999 मध्ये आणला, आज प्रचलित असलेली 2.0 ही आवृत्ती 2002 ची आहे, आणि 2005 मध्ये अ‍ॅटम नावाचे भावंड आले. वाचणाऱ्याला या भेदाशी काही कर्तव्य नाही, कारण रीडर दोन्ही वाचतो. आपल्या पिंपांच्या प्रसंगापुरते बोलायचे तर महत्त्वाचा आहे तो तारखेचा रकाना. नियमांनुसार तो ऐच्छिक असला तरी वृत्तसंस्थळे तो सहसा भरतात, आणि कात्रणावरची तारीख कापता येते तशी तो रकाना वाटेत कोणाला कापता येत नाही.

पत्ता शोधण्याची पहिली पायरी म्हणजे काहीही न शोधणे. संकेतस्थळाचा नेहमीचा पत्ता रीडरमध्ये चिकटवावा. पानामागच्या, न दिसणाऱ्या संगणकीय मजकुरात फीडचा पत्ता नोंदलेला असेल तर रीडर तो स्वतः हुडकतो. तसे झाले नाही तर पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ देऊन इंग्रजीत ‘फीड’ हा शब्द जोडून पाहावा, कारण वर्डप्रेस या संकेतस्थळे उभारण्याच्या साधनावर उभारलेल्या स्थळांचे फीड सहसा तिथेच असते. रिझर्व्ह बँकेच्या बाबतीत यातले काहीच करावे लागणार नाही. प्रसिद्धिपत्रके आणि अधिसूचना यांची वेगवेगळी फीड्स त्यांच्याच संकेतस्थळावर दिलेली आहेत. पत्र सूचना कार्यालयाचे फीड आहे, बीबीसी मराठीचे आहे, आणि यूट्यूबच्या प्रत्येक वाहिनीचेही असते, त्यात शेवटचे पंधरा व्हिडिओ दिसतात.

रीडर कोणता, हा प्रश्न आपण विचारला नाही, पण तोच पुढे छळतो. फीडली ब्राउझरमध्ये चालतो आणि शंभर स्रोतांपर्यंत फुकट आहे. थंडरबर्ड हा ईमेलचा प्रोग्रॅम फीडही वाचतो. अँड्रॉइडवर ‘फीडर’ नावाचे मुक्तस्रोत अ‍ॅप आहे, आणि अ‍ॅपलच्या उपकरणांवर नेटन्यूजवायर आहे. बँकेच्या संगणकावर काहीही बसवण्याआधी आपल्या आयटी विभागाला विचारावे, हे मी आपल्याला सांगण्याची गरज नाही.

घोडबंदरवासी

ऐरोलीकर, आपले मनापासून आभार. तीन आठवडे वापरून झाले, म्हणून अनुभव लिहितो आणि दोन अडचणीही मांडतो.

रिझर्व्ह बँकेची दोन फीड्स घेतली आणि तो प्रश्न पहिल्या दिवशीच मिटला. आता सकाळचा चहा गार होत नाही.

ठाण्याच्या बातम्यांचे मात्र हसे झाले. गूगल न्यूजमध्ये एखादा शब्द शोधला आणि पानाच्या पत्त्यात ‘सर्च’च्या आधी ‘आरएसएस’ व एक तिरकी रेघ घातली की त्या शोधाचेच फीड तयार होते, असे कळले. मी मोठ्या हौसेने ‘ठाणे’ हा शब्द दिला. संध्याकाळपर्यंत यवतमाळ, लातूर, सांगली अशा सगळ्या जिल्ह्यांतून चोऱ्या-माऱ्यांच्या बातम्या येऊन पडल्या, कारण प्रत्येकीत कुठले ना कुठले ‘पोलीस ठाणे’ होते. दुसरी अडचण अशी की थंडरबर्डमध्ये एका वृत्तस्थळाचे फीड घेतले होते. चार दिवस जोडून सुटी घेऊन गावी गेलो, लॅपटॉप घरीच बंद होता, आणि परत आल्यावर चार दिवसांच्या मिळून जेमतेम दहा बातम्या दिसल्या. माझ्याकडून काही चुकले का?

जुना ग्रंथपाल

ठाणे शहराच्या नावाचा हा घोळ नवा नाही. मी एका वाचनालयात बरीच वर्षे कात्रणांच्या फायली सांभाळल्या आहेत. नव्याने लागलेल्या मदतनिसाला ‘ठाणे’ या फायलीत काय लावायचे ते सांगितले नाही, तर महिनाअखेर ती गुन्हेगारीची फाइल झालेली असे. तेव्हा माणसाला समजावता येत होते. यंत्राला अक्षरांनीच समजवावे लागते.

गूगलच्या शोधात अवतरणचिन्हांत ‘पोलीस ठाणे’ लिहून त्याआधी वजाचे चिन्ह दिले तर त्या बातम्या बऱ्याच गळतात. पण पुरत्या गळत नाहीत, कारण आपल्या भाषेत शब्द विभक्तीचा प्रत्यय घेतो तेव्हा त्याचे रूपच बदलते. ‘पोलीस ठाणे’ वगळले तरी ‘पोलीस ठाण्यात’ आणि ‘पोलीस ठाण्याच्या’ शिल्लक राहण्याचा धोका असतो. म्हणून तीन-चार रूपे वेगवेगळी वजा करावीत. त्याहून बरा मार्ग असा की ‘ठाणे’ एकटे द्यायचेच नाही. ‘ठाणे महापालिका’, ‘घोडबंदर’, ‘ठाणेकर’, ‘वागळे इस्टेट’ असे शब्द द्यावेत, ज्यांना दुसरा अर्थ चिकटलेला नाही.

रीडरमध्ये स्वतःची गाळणी (फिल्टर) लावणार असाल तर हाच नियम उलट्या बाजूने लागतो. तिथली साधी गाळणी अक्षरे जुळवते, तिला व्याकरण येत नाही. ‘पाणी’ असा शब्द दिलात तर ‘पाणीपुरवठा’ सापडेल, पण ‘पाण्याचा दाब कमी’ ही बातमी निसटेल. म्हणून ‘पाणी’ आणि ‘पाण्या’ अशी दोन रूपे द्यावीत. नुसते ‘पाण’ दिले तर दोन्ही सापडतील, मात्र त्यांच्यासोबत नौदलाची पाणबुडीही येईल. मी ‘ठाण’ देऊन पाहिले होते, तेव्हा मंत्रालयासमोर ठाण मांडून बसलेले आंदोलकही यादीत आले.

आणखी एक. ठाण्याला पाणी एका ठिकाणाहून येत नाही. महापालिकेची स्वतःची योजना, स्टेम ही पाणीपुरवठा कंपनी, एमआयडीसी आणि मुंबई महापालिका असे चार स्रोत आहेत. ‘ठाण्यात पाणी बंद’ एवढ्यावरून तुमच्या घरचे काहीच कळत नाही. तुमच्या इमारतीला कोणाचे पाणी येते ते सोसायटीच्या सचिवांना विचारा आणि ते नाव गाळणीत टाका.

कळवा नाका

वरचे सगळे मान्य करून थोडे वाकडे बोलतो. गाळणीला फीडमध्ये जेवढा मजकूर असतो तेवढाच दिसतो. काही स्थळे फीडमध्ये पूर्ण लेख देतात. वृत्तस्थळे बहुधा शीर्षक आणि दोन ओळी देऊन थांबतात, कारण वाचक पानावर आल्याशिवाय जाहिरात दिसत नाही. आता आजकालची शीर्षके पाहा: ‘ठाणेकरांनो, पाणी जपून वापरा! “या” भागांत “या” दिवशी पुरवठा बंद’. कुठला भाग आणि कुठला दिवस, हे आतल्या तिसऱ्या परिच्छेदात. गाळणीत ‘मानपाडा’ टाकून तुम्ही निर्धास्त बसलात, तर ही बातमी समोरून निघून जाईल आणि कळणारही नाही.

मी अवतरणचिन्हांतला ‘या’ असलेली सगळी शीर्षके लपवून ठेवली होती आणि त्या समाधानात पंधरा दिवस घालवले. मग कोरड्या नळाने जागे केले. आता पाण्यासाठी गाळणी ढिली ठेवतो, ‘पाणी’ किंवा ‘पुरवठा’ दिसले की बातमी उघडतो, आणि करमणूक, राशिभविष्य, क्रिकेट यांच्यासाठी घट्ट ठेवतो. शिवाय न वाचलेल्यांचा आकडा दाखवण्याची सोय बंद केली आहे. बातमी ही काही वीजबिलाची थकबाकी नव्हे.

ऐरोलीकर

सुटीतल्या बातम्यांविषयी: आपले काही चुकलेले नाही. फीड हा संग्रह नसतो, चालत्या गाडीची खिडकी असते. वर्डप्रेसमध्ये मुळात शेवटच्या दहाच नोंदी फीडमध्ये ठेवण्याची रचना असते, आणि स्थळचालकाने बदलली नाही तर ती तशीच राहते. समजा एखादे स्थळ दिवसाला 120 बातम्या टाकते, म्हणजे तासाला सरासरी पाच. तर दहा नोंदींच्या त्या फीडमध्ये मागचे दोन तासच दिसणार. थंडरबर्ड आपल्या लॅपटॉपवरून फेरी मारतो, त्यामुळे लॅपटॉप बंद असताना जे खिडकीसमोरून गेले ते गेले. फीडलीसारखे रीडर स्वतःच्या सर्व्हरवरून सतत फेऱ्या मारत राहतात आणि आपण गावी असतानाही नोंदी साठवतात. म्हणून माझा सल्ला असा की रिझर्व्ह बँकेची फीड्स थंडरबर्डमध्ये राहिली तरी एरवी अडत नाही, कारण तिथे दिवसाला मोजक्याच नोंदी येतात. मात्र लांबच्या सुटीवर जाताना आणि वृत्तस्थळांसाठी कायमच सर्व्हरवर चालणारा रीडर घ्यावा. स्वतःचा सर्व्हर चालवण्याची हौस असेल तर फ्रेशआरएसएस हे मुक्तस्रोत साधन आहे, पण पाणी बंदच्या बातमीसाठी एवढा खटाटोप करू नये.

कळवा नाका यांचा मुद्दा बरोबर आहे, आणि त्यावर फीडमध्ये उपाय नाही. काही रीडर मूळ पानावरचा पूर्ण मजकूर खेचून दाखवतात, अँड्रॉइडवरच्या फीडरमध्येही ती सोय आहे. मराठी पानांवर ती कधी चालते, कधी लेखाऐवजी ‘हेही वाचा’चीच यादी आणून ठेवते. प्रत्येक स्थळासाठी एकदा चालवून पाहावी.

ज्या स्थळाला फीडच नाही पण ईमेलने वार्तापत्र पाठवले जाते, त्यासाठी ‘किल द न्यूजलेटर’ ही सेवा आहे. ती एक ईमेल पत्ता देते, तो वार्तापत्रासाठी नोंदवायचा, आणि येणारी पत्रे फीड होऊन रीडरमध्ये पडतात. बँकेच्या कामाची किंवा खासगी पत्रे मात्र त्यावर घेऊ नयेत.

घोडबंदरवासी

वृत्तस्थळे फीडलीवर हलवली. सचिवांकडून कळले की आमच्याकडे स्टेमचे पाणी येते, म्हणून ‘स्टेम’ हा शब्द गाळणीत टाकला, तर पहिल्याच दिवशी स्टेम सेलवरच्या संशोधनाची बातमी आली. तिला वजा केले. काल सकाळी मात्र शुक्रवारच्या बंदची बातमी चालू वर्षाच्या तारखेसकट मिळाली. ती दुव्यासह सोसायटीच्या ग्रुपवर टाकली, तेव्हा पहिला प्रश्न आला, ‘ही मागच्या वर्षीची तर नाही ना?’

एक शेवटचे विचारतो. उद्या फीडलीही बंद पडले किंवा महाग झाले, तर ही सगळी जमवाजमव पुन्हा करावी लागेल का?

ऐरोलीकर

नाही. सेटिंगमध्ये ओपीएमएल निर्यात करण्याची सोय शोधा. त्यातून आपल्या सगळ्या फीड्सच्या पत्त्यांची एक छोटी फाइल मिळते आणि ती बहुतेक कोणत्याही रीडरमध्ये जशीच्या तशी चढवता येते. गूगल रीडर बंद झाला तेव्हाही ज्यांनी यादी वेळेत उतरवून घेतली होती, त्यांचे स्थलांतर चटकन झाले. गाळण्या त्या फाइलमध्ये येत नाहीत, तेव्हा ‘स्टेम’, ‘पाण्या’ आणि वजा केलेली पोलीस ठाणी एका कागदावर लिहून ठेवा.