गाडीचे इंजिन ऑइल स्वस्तात पण योग्य कसे निवडले? आपापले अनुभव लिहा

वॉरंटी संपली की सर्व्हिसिंगचे बिल माणूस पहिल्यांदाच ओळ न ओळ वाचतो. आमची १.२ लिटर पेट्रोल इंजिनाची हॅचबॅक २०१४ सालची असून ८८,००० किलोमीटर चालली आहे. गेल्या बिलात ऑइल, फिल्टर आणि मजुरी या तीन ओळी रास्त होत्या; उरलेले जवळजवळ निम्मे बिल इंजिन फ्लश, ऑइल ट्रीटमेंट आणि इंजिन ड्रेसिंग अशा, मी न मागितलेल्या गोष्टींचे होते. म्हणून या वेळी डॅशबोर्डाच्या कप्प्यात दहा वर्षे पडून असलेली पुस्तिका उघडली. तिच्यात ५डब्ल्यू-३० हा ग्रेड (म्हणजे ऑइलचा दाटपणा) आणि ‘एपीआय एसएल किंवा त्यावरचे’ एवढीच अट होती; एपीआय म्हणजे ऑइलचे दर्जे ठरवणारी अमेरिकी पेट्रोलियम संस्था. एसएल हा दर्जा २००१ सालचा आहे. त्यानंतर २००४ मध्ये एसएम, २०१० मध्ये एसएन आणि २०२० मध्ये एसपी आला, आणि नवा दर्जा जुन्याची गरज भागवतो. म्हणजे आज बाजारात मिळणारे एसएन किंवा एसपी दर्जाचे कोणतेही अस्सल ५डब्ल्यू-३० ऑइल माझ्या गाडीला चालणार होते. सर्वो, एचपी आणि मॅक ही तिन्ही सरकारी तेल कंपन्यांची ऑइले पंपावर मिळतात. त्यांतले एक घेतले, तर जाहिरातीत झळकणाऱ्या ऑइलपेक्षा ते बरेच स्वस्त पडले. पुढच्या १०,००० किलोमीटरमध्ये ॲव्हरेज किंवा आवाज यांत मला काहीही फरक जाणवला नाही.

आपण गाडी, किलोमीटर, ग्रेड, कुठून घेतले आणि काय चुकले ते लिहावे. ‘अमुक ब्रँड भारी’ एवढेच लिहू नये, ही विनंती.

नागपूर

आमच्याकडे वाद ब्रँडचा नसून जाड-पातळाचा असतो. ‘विदर्भाच्या उन्हात ते पाण्यासारखे ऑइल टिकणार नाही, २०डब्ल्यू-५० टाका, स्वस्तही पडेल’ हे आमच्या गॅरेजवाल्या भाऊंचे म्हणणे मी एक वर्ष ऐकले. स्वस्त पडले हे खरे. परंतु डिसेंबरात सकाळी गाडी चालू केली की पहिली काही सेकंदे टॅपेटची (इंजिनाच्या झडपा हलवणाऱ्या भागांची) टकटक ऐकू येऊ लागली आणि लिटरमागे सतरा किलोमीटर देणारी गाडी साडेपंधरावर आली. नंतर नीट वाचल्यावर उलगडा झाला. ग्रेडमधला पहिला आकडा थंड इंजिनात ऑइल किती सहज वाहते ते सांगतो आणि दुसरा १०० अंश सेल्सिअसला त्याचा दाटपणा किती उरतो ते सांगतो. इंजिन एकदा तापले की थर्मोस्टॅट कूलंटला नव्वद अंशांच्या आसपास धरून ठेवतो, मग बाहेर ४६ अंश असोत की २६. भाऊंचे अगदीच चूक होते असेही म्हणवत नाही, कारण त्यांनी उमेदीची वर्षे ज्या ॲम्बेसेडर आणि फियाटवर घालवली त्यांची इंजिने तशाच जाड तेलासाठी होती, आणि झिजून तेल पिऊ लागलेल्या इंजिनाला किंचित जाड ऑइल दिलेले आजही चालून जाते. माझ्या इंजिनाच्या अरुंद तेलमार्गांना मात्र ते मानवले नाही. पुन्हा ५डब्ल्यू-३० वर आल्यावर टकटक थांबली.

रत्नागिरी

माझा अनुभव महागात गेलेल्या स्वस्ताईचा आहे. एका दुकानात नामांकित कंपनीचा साडेतीन लिटरचा कॅन छापील किमतीच्या निम्म्या दरात मिळाला. झाकणाखालची प्लास्टिकची कडी एका बाजूने आधीच सुटलेली होती आणि लेबल किंचित तिरके होते. दोन्ही गोष्टी मी पाहिल्या आणि तरीही कॅन घेतला, हे आज लिहितानासुद्धा चरफडायला होते. सहा-सात महिन्यांनी साखरप्याच्या पुढे आंबा घाट चढताना तेलाच्या कुपीसारखे चित्र असलेला लाल दिवा लागला. माझ्या यजमानांनी ‘वर पोचू, मग बघू’ म्हटले, पण मी गाडी कडेला घ्यायला लावून इंजिन तिथेच बंद करायला सांगितले, आणि मेकॅनिकच्या मते त्यामुळेच क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, वाचला. टॅपेट कव्हर उघडले तेव्हा आत डांबरासारखा काळा थर बसलेला होता, बोटाने खरवडला तर नखात अडकत होता. चेंबर (इंजिनाखालचे ऑइल साठवणारे भांडे) काढल्यावर ऑइल पंपाच्या जाळीची अर्धी भोके त्याच गाळाने बुजलेली आढळली. वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट रक्कम साफसफाईत गेली.

तेव्हापासून मी कॅन पंपावरूनच किंवा पक्के बिल देणाऱ्या विक्रेत्याकडून घेते आणि ऑइल माझ्यासमोर ओतायला सांगते. रिकाम्या कॅनला तिथेच स्क्रूड्रायव्हरने भोक पाडते, कारण बनावट ऑइलवाल्यांना सर्वांत मौल्यवान वस्तू म्हणजे अस्सल रिकामा कॅन.

नाशिक

आम्ही द्राक्षवाले असल्याने घरात ट्रॅक्टरच्या १५डब्ल्यू-४० ऑइलची बादली कायम असते. डिझेल ते डिझेल, अशा हिशोबाने मी तेच सीआय-४ या डिझेल इंजिनांच्या एपीआय दर्जाचे ऑइल २०२१ सालच्या आमच्या बीएस-६ डिझेल एसयूव्हीत घातले. ट्रॅक्टरला ते उत्तम आहे. दोष ऑइलचा नव्हताच. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ या प्रदूषण नियमांमुळे या गाड्यांच्या धुराड्यात डीपीएफ नावाची गाळणी असते. तिच्यात साठलेली काजळी हायवेवर गाडी सलग पळवली की जळून जाते. ऑइलमधील रसायने जळून उरणारी राख मात्र जळत नाही, ती गाळणीत कायमची साचत राहते. म्हणून अशा गाड्यांना कमी राखेचे ऑइल लागते आणि कॅनवर एसीईए (युरोपीय वाहन उत्पादकांची संघटना) सी२ किंवा सी३ असे लिहिलेले असते. कोणते घ्यायचे ते पुस्तिकेत दिलेले असते. माझ्या गाडीत गाळणीचा दिवा वारंवार लागू लागला, तेव्हा हे ज्ञान प्राप्त झाले. वर्षाच्या आत ऑइल बदलल्यामुळे नवी गाळणी घेण्याची वेळ टळली. तिची किंमत ऐकल्यावर ‘घरचेच ऑइल आहे’ हा शब्दप्रयोग आमच्या घरात थट्टेचा विषय झाला आहे.

ठाणे

आमची गाडी सीएनजीवर चालते आणि तिचे ऑइल १०,००० किलोमीटरनंतरही मधाच्या रंगाचे दिसते. ‘अजून चांगले आहे, राहू दे’ असे सासरे दर वेळी म्हणतात. सीएनजी जळताना काजळी फारशी होत नसल्यामुळे ऑइल काळे पडत नाही, परंतु उष्णतेने त्याचे गुण कमी होतच असतात. त्यामुळे रंग न पाहता वर्षाला एकदा आम्ही ते बदलतो. डिझेलवाल्यांचे नेमके उलटे असते. त्यांचे नवे ऑइल पहिल्या आठवड्यातच काळे दिसू लागते आणि त्यात घाबरण्यासारखे काही नसते.

एडिसन, न्यू जर्सी

इकडे कॉस्टकोचे किर्कलंड आणि वॉलमार्टचे सुपर टेक ही दुकानांची स्वतःची सिंथेटिक ऑइले नावाजलेल्या ब्रँडपेक्षा बरीच स्वस्त मिळतात. कॅन पाच क्वार्टचा, म्हणजे सुमारे ४.७३ लिटरचा असतो. मी कॅनवरचे एपीआयचे गोल चिन्ह आणि त्यातला ग्रेड पाहतो, बाकी जाहिरात वाचत नाही. डीलरने मला ‘आमचे ऑइल नसेल तर वॉरंटी जाईल’ असे सांगितले होते. तथापि १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्यानुसार केवळ ब्रँड वेगळा म्हणून वॉरंटी नाकारता येत नाही. ऑइल ठरलेल्या दर्जाचे असावे आणि पावत्या जपलेल्या असाव्यात. माझ्या पावत्या बुटांच्या खोक्यात आहेत. जुने ऑइल सुट्या भागांच्या दुकानात विनामूल्य जमा करून घेतात.

सांगली

मी एसटीच्या कार्यशाळेतून निवृत्त झालो आहे. वर सगळ्यांनी कोणते ऑइल घ्यावे ते लिहिले, किती घालावे ते कोणीच लिहिले नाही. तीन लिटर लागत असेल तर साडेतीन लिटरचा कॅन आणून ‘उरवायचे कशाला’ म्हणून सगळा रिकामा करणारे लोक मी पाहिले आहेत. पातळी फार चढली की क्रँक फिरताना ऑइल घुसळते, त्याचा फेस होतो आणि फेसाने इंजिनाला वंगण मिळत नाही. म्हणून पाव लिटर कमी घालावे, मिनिटभर इंजिन चालवावे, सपाट जागेवर पाच मिनिटे थांबून ऑइल मोजायची पट्टी पुसून पाहावी आणि मग वरच्या खुणेपर्यंत थोडे थोडे घालावे. उरलेले ऑइल झाकण घट्ट लावून टॉप-अपसाठी ठेवावे. आणखी एक गोष्ट सांगतो. चेंबरच्या नटाचा वॉशर दर वेळी नवा घालावा. तो वीस-तीस रुपयांचा असतो आणि नेमका तोच बहुतेक ठिकाणी विसरला जातो, मग ‘हे ऑइल लवकर कमी होते’ म्हणून लोक ब्रँडला दोष देतात. मी दुकानात जाताना जुना वॉशर खिशात टाकून नेतो आणि तोच काउंटरवर ठेवून या मापाचा द्या म्हणतो.