मदत हवी आहे: ग्नोम सोडून केडीईवर आल्यापासून मराठी टंकलेखन बंद पडले आहे

शाईदौत
आमच्या वाचनालयात सहा संगणक आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० ची सुरक्षा अद्यतने थांबली, तेव्हा आम्ही सर्व यंत्रांवर लिनक्स बसवले. सुरुवातीला ग्नोम हा डेस्कटॉप (खिडक्या, पट्ट्या आणि सेटिंग्ज दाखवणारा भाग) ठेवला होता. परंतु खालची पट्टी दिसत नाही आणि उघडलेल्या खिडक्या कुठे गेल्या ते कळत नाही, अशा तक्रारी वाचकांकडून रोज येऊ लागल्या, म्हणून गेल्या आठवड्यात केडीई हा दुसरा डेस्कटॉप बसवला. आता वाचक समाधानी आहेत, पण मराठी उमटत नाही. कळा दाबल्यावर मराठी अक्षरे उमटवणारी आयबस ही यंत्रणा बसवलेली आहे, तिचे चिन्ह दिसते, मराठी निवडल्याचेही दिसते, तरी अक्षरे रोमनच येतात. त्याच यंत्रावर ग्नोममध्ये प्रवेश केला की मराठी व्यवस्थित येते. शनिवारी स्पर्धा परीक्षेची मुले अर्ज भरण्यासाठी येणार आहेत आणि माझे दोन दिवस यातच गेले आहेत. कृपया नेमका उपाय सांगावा, आणि एकाच लिनक्सवरचे दोन डेस्कटॉप इतके निराळे का वागतात तेही सांगावे.

कोरीपाटी
ताई, लिनक्सचे कोणते वितरण (तयार संच) आहे, केडीई प्लाझ्माची आवृत्ती कोणती आहे आणि सत्र वेलँडचे आहे की एक्स ११ चे (पडद्यावर खिडक्या दाखवण्याच्या या नवी आणि जुनी अशा दोन पद्धती), या तीन गोष्टी समजल्याशिवाय नेमके उत्तर देता येणार नाही. सिस्टिम सेटिंग्जमध्ये शेवटी 'अबाउट धिस सिस्टिम' हे पान असते. तिथे ही सर्व माहिती एकत्र मिळते. शिवाय आपल्याकडे इनस्क्रिप्टने (भारतीय भाषांच्या प्रमाणित कळमांडणीने) टंकन होते की रोमन अक्षरांतून उच्चारानुसार, तेही कळवावे.

पाऊलवाट
जुन्या यंत्रांवर केडीई बसवणे हीच मुळात चूक आहे. एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप बसवावा. मी गेली अनेक वर्षे तेच वापरतो. ते कमी स्मृती घेते आणि दर दोन वर्षांनी आपला चेहरामोहरा बदलत नाही. ऑलिव्हिए फोर्डां यांनी १९९६ मध्ये ते सुरू केले तेव्हापासून त्याचा मूळ हेतू तोच राहिला आहे. लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनीही २०११ मध्ये ग्नोम ३ ला कंटाळून एक्सएफसीई घेतले होते.

शाईदौत
यंत्रे मंद आहेत असे मी कुठेही म्हटलेले नाही. प्रत्येकात ८ जीबी रॅम आहे आणि केडीई उत्तम चालते. माझा प्रश्न मराठी टंकनाचा आहे.

जुनाओटा
उपाय सरळ आहे: ग्नोमवर परत जावे. ग्नोमने ३.६ या आवृत्तीत, म्हणजे २०१२ मध्ये, आयबसला आपल्या मुख्य कवचातच सामावून घेतले. त्यामुळे मराठी, हिंदी, जपानी यांपैकी कोणतीही भाषा सेटिंग्जमधल्या एकाच यादीतून जोडता येते आणि वापरणाऱ्याला आयबस हे नावसुद्धा माहीत असावे लागत नाही. वाचकांना खालची पट्टी हवी असेल तर 'डॅश टू पॅनेल' हे विस्तारक (ग्नोमला वरून जोडायचा छोटा प्रोग्राम) बसवावे. केडीईमध्ये शेकडो पर्याय आहेत, पण जो एक पर्याय बसवल्याबरोबर चालला पाहिजे तोच हाताने शोधावा लागतो. निर्णय घ्यायचा कोणी, विकासकाने की ग्रंथपालाने? माझ्या मते तो विकासकानेच घ्यायला हवा, कारण ग्रंथपालाला दुसरी कामे आहेत.

सह्यवाट
जुनाओटा यांचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. ग्नोमने आयबस सामावून घेतले तेव्हा एफसीआयटीएक्स ही आयबससारखीच दुसरी यंत्रणा वापरणाऱ्यांनी, विशेषतः चिनी लिहिणाऱ्यांनी, आक्षेप घेतले होते, कारण त्यांची सवयीची टंकनपद्धती त्यामुळे दुय्यम ठरली. एकाची सोय करताना दुसऱ्याची निवड गेली. विस्तारकांविषयीही सांभाळून सल्ला द्यावा. ग्नोमची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते आणि विस्तारकाच्या लेखकाने वेळेत बदल केले नाहीत तर ते बंद पडते. खालची पट्टी हा जर वाचकांचा मूळ आधार असेल, तर तो अशा परक्या तुकड्यावर टांगून ठेवणे योग्य नाही.

जुनाओटा
केडीईवाल्यांनी स्थिरतेविषयी बोलताना जानेवारी २००८ आठवावा. केडीई ४.० अपुऱ्या अवस्थेत प्रसिद्ध झाले, वितरणांनी ते लोकांच्या हाती दिले आणि टॉरवाल्ड्स यांच्यासारखे केडीईचे समर्थकसुद्धा त्या काळात ग्नोमकडे गेले. मुळात ग्नोमची गरजच का पडली? केडीई ज्या क्यूटी संचावर (खिडक्या, बटणे वगैरे बनवण्याच्या तयार भागांवर) उभे होते तो ट्रोलटेक या नॉर्वेतील कंपनीचा होता आणि त्याचा परवाना मुक्त नव्हता. म्हणूनच मिगेल दे इकासा आणि फेदेरिको मेना यांनी ऑगस्ट १९९७ मध्ये ग्नोम जाहीर केले.

सह्यवाट
हा इतिहास खरा आहे, पण तो १९९७ वर थांबवणे अन्यायाचे आहे. माटियास एट्रिख यांनी ऑक्टोबर १९९६ मध्ये केडीईची हाक दिली, तेव्हा सामान्य माणसाला वापरता येईल असा एकसंध मुक्त डेस्कटॉप लिनक्सवर नव्हता. परवान्याचा आक्षेप गंभीर होता, हे मी मान्य करतो. डेबियन या लिनक्स वितरणाने १९९८ मध्ये त्याच कारणाने केडीई वगळले होते. परंतु त्याच वर्षी क्यूटी मुक्त राहावे यासाठी केडीई फ्री क्यूटी फाउंडेशन स्थापन झाले आणि २००० मध्ये क्यूटी जीपीएल या मुक्त परवान्याखाली आले. म्हणजे ग्नोमच्या दबावाने क्यूटी मुक्त झाले आणि केडीईमुळे ग्नोम जन्माला आले. या स्पर्धेने दोघांचेही भले केले आहे. आज कोणी परवान्यावरून केडीई नाकारत असेल, तर तो पंचवीस वर्षांपूर्वी मिटलेला वाद उकरून काढत आहे.

मध्यरात्र
या दोघांच्या भांडणात अडकण्यापेक्षा कॉस्मिक हा नवा डेस्कटॉप पाहावा. सिस्टिम ७६ या कंपनीने तो रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत नव्याने लिहिला आहे आणि खिडक्या आपोआप शेजारी शेजारी मांडण्याची त्यातली सोय मला फार आवडली.

शाईदौत
आपण सर्वांनी वेळ दिलात याबद्दल आभार. मात्र माझे वाचक अजूनही रोमनमध्येच टंकत आहेत. कोरीपाटी यांनी विचारलेली माहिती अशी: फेडोरा ४२, प्लाझ्मा ६, 'ग्राफिक्स प्लॅटफॉर्म'पुढे वेलँड असे लिहिले आहे. मी स्वतः इनस्क्रिप्ट वापरते, पण मुले उच्चारानुसारच टंकतात.

कोरीपाटी
आता उलगडा झाला. प्रथम उपाय सांगतो, मग कारण.

सिस्टिम सेटिंग्जमध्ये कीबोर्ड विभागात 'व्हर्च्युअल कीबोर्ड' हे पान उघडावे, तिथे 'आयबस वेलँड' निवडावे, 'अप्लाय' करावे आणि सत्रातून बाहेर पडून पुन्हा प्रवेश करावा. हे नाव दिशाभूल करणारे आहे. पडद्यावरच्या कळफलकाशी आपला संबंध नसल्यामुळे तिथे कोणीही पाहत नाही. मीसुद्धा पूर्वी त्या पानावरून तीनदा परत फिरलो होतो.

कारण असे की एक्स ११ मध्ये प्रत्येक प्रोग्राम स्वतःच टंकनपद्धतीशी बोलत असे, त्यामुळे आयबस मागे चालू असले की बहुधा काम भागायचे. वेलँडमध्ये त्या दोघांच्या मध्ये खिडक्या सांभाळणारा मुख्य प्रोग्राम असतो. ग्नोममध्ये ते काम ग्नोम शेल करते आणि त्याला आयबस आधीपासून ठाऊक आहे. केडीईमध्ये ते काम के-विनकडे आहे, आणि आयबस की एफसीआयटीएक्स हा निर्णय के-विन आपल्यावर सोडतो. जोवर आपण तो घेत नाही, तोवर आपोआप सुरू झालेले आयबस चिन्ह दाखवत राहते, पण के-विनला ते जोडलेले नसते. ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही हेच आहे, आणि जुनाओटा व सह्यवाट यांचा वादही माझ्या मते याच एका पानावर येऊन ठेपतो.

पाऊलवाट
इतका खटाटोप कशासाठी? कीबोर्ड विभागातच भारतीय मांडण्यांमध्ये मराठीची वर्धित इनस्क्रिप्ट मांडणी आहे. ती जोडली की आयबस लागतच नाही, आणि ती प्रत्येक डेस्कटॉपवर सारखीच चालते.

कोरीपाटी
ही सूचना चांगली आहे, पण तिने निम्मेच काम होईल. त्या मांडणीत एका कळीला एकच वर्ण मिळतो, म्हणून 'ज्ञ' किंवा 'क्ष' थेट एका कळीने उमटत नाहीत. ज, हलन्त आणि ञ असे जोडावे लागतात. आणि उच्चारानुसार टंकणाऱ्या मुलांना तिचा काहीच उपयोग नाही, कारण रोमन अक्षरांचे मराठीत रूपांतर करायला आयबससारखीच यंत्रणा लागते.

शाईदौत
पहिल्या यंत्रावर मराठी उमटले! लिबरऑफिस आणि फायरफॉक्स या दोन्हींत इनस्क्रिप्टही चालते आणि उच्चारानुसारही. कोरीपाटी, आपले मनापासून आभार. क्रोममध्ये मात्र अजून रोमनच येते आणि अर्जाचे संकेतस्थळ मुले क्रोममध्येच उघडतात.

कोरीपाटी
क्रोम वेलँडवर थेट चालत असेल तर त्याच्या सुरू करण्याच्या आज्ञेला 'एनेबल-वेलँड-आयएमई' हा पर्याय जोडून पाहावा. डेस्कटॉपवरच्या चिन्हाच्या गुणधर्मांत ती आज्ञा बदलता येते. शनिवारपर्यंत वेळ कमी असल्याने तोवर मुलांना फायरफॉक्स उघडून द्यावा, हे अधिक खात्रीचे.

जुनाओटा
ग्नोममध्ये यातले पहिले पान कधीच उघडावे लागले नसते, हे माझे म्हणणे कायम आहे. तरीही ताईंचे वाचक केडीईवर समाधानी असतील तर त्यांनी तिथेच राहावे.

सह्यवाट
मान्य आहे. त्या पानाला दिलेले नाव चुकीचे आहे, आणि भारतीय भाषा निवडली असेल तर के-विनने आयबस स्वतःहून जोडून घ्यायला हवे, अशी नोंद मी आज केडीईच्या बगझिलावर (दोष नोंदवण्याच्या संकेतस्थळावर) करणार आहे. शाईदौत ताई, आपली हरकत नसेल तर आपल्या यंत्रावरचा अनुभव, वितरण आणि आवृत्तीसह, त्यात लिहितो.

शाईदौत
हरकत नाही, अवश्य लिहावे. प्लाझ्माची पूर्ण आवृत्ती उद्या सकाळी वाचनालय उघडल्यावर पाहून कळवते. उरलेली पाच यंत्रेही तेव्हाच बदलून घेते.