मदत हवी आहे: क्लेमेंटीच्या जुन्या बाडातली बोटं नेमकी कोणाची?

नमस्कार मंडळी. इथे पियानोवाले फार नाहीत हे ठाऊक आहे. पण जुन्या छापील पुस्तकांत डोकं घालणारे बरेच आहेत, म्हणून विचारते.

मडगावच्या ओळखीच्या एका आजींनी घर आवरताना मला नोटेशनचं एक बांधीव बाड दिलं. मुखपृष्ठ नाही, सुरुवातीची पानं वाळवीनं खाल्लेली. आत क्लेमेंटी या जुन्या पियानोवादक-रचनाकाराच्या सहा सोनाटिना (शिकणाऱ्यांसाठीच्या छोट्या रचना) आहेत, ऑपस ३६, म्हणजे त्याच्या रचनांच्या यादीतला क्रमांक. पियानो शिकणाऱ्याला या सहसा चुकत नाहीत.

लेकीला त्यातूनच पहिली शिकवायला घेतली आणि फसले. सुरांवर, कोणत्या बोटानं वाजवायचं ते सांगणारे १ ते ४ आकडे (यांनाच मी 'बोटं' म्हणते) आणि मधूनमधून अधिकचं चिन्ह. मला वाटलं, ते चिन्ह म्हणजे मुरकीसारखं काही असेल. आठवडाभर आम्ही दोघींनी तिथे इमानेइतबारे मुरक्या घेतल्या. त्यात आजच्या पद्धतीनं १ म्हणजे अंगठा, ५ म्हणजे करंगळी असं धरलेलं, त्यामुळे बोटांचा नुसता गुंता. शेवटी लेकच म्हणाली, "आई, या माणसाला करंगळी नव्हती का गं?" पानोपानी कुठेच ५ नव्हता, हे तिच्या लक्षात आलं, माझ्या नाही.

नंतर उलगडलं. त्या काळी इंग्लंडात अंगठ्याला + लिहीत आणि तर्जनीपासून १, २, ३, ४ मोजत. म्हणजे उजव्या हाताचं साधं सी मेजर सप्तक + १ २ + १ २ ३ ४. आज आपण तेच १ २ ३ १ २ ३ ४ ५ असं लिहितो.

आता खरा प्रश्न. या सोनाटिना १७९७ साली लंडनला छापल्या गेल्या, तेव्हा बोटं स्वतः रचनाकारानं दिल्याचं मुखपृष्ठावरच म्हटलं होतं. पण माझ्याकडच्या नव्या आवृत्तीत जवळजवळ प्रत्येक सुरावर आकडा आहे आणि बाडात मोजक्याच जागी. म्हणजे मधल्या काळात कुणा संपादकानं आपली बोटं घुसवली आणि क्लेमेंटीची कोणती, ते सांगितलंच नाही. मला याचा राग येतो. बोट बदललं की हात कुठे उचलला जातो तेही बदलतं, आणि सुरांचं वाक्य तिथेच तुटतं. त्याच्याही आधीचा जर्मन रचनाकार सेबास्टियन बाख, त्यानं १७२० साली मुलासाठी केलेल्या वहीत उजव्या हाताला ३-४-३-४ असे आकडे आहेत, मधलं बोट अनामिकेवरून पलीकडे टाकायचं. वाजवून बघा, सूर आपोआप दोन-दोनच्या जोडीनं पडतात. त्याच्याच मुलानं, इमॅन्युएलनं, १७५३च्या ग्रंथात सी मेजरसाठी एक सोडून तीन पर्याय दिलेत. क्लेमेंटीपर्यंत अंगठा खालून सरकवणं रुळलं होतं, तरी कुठे सरकवायचा हे त्याच्याच तोंडून ऐकायचंय.

तर, माझं बाड कोणत्या छपाईचं हे मुखपृष्ठाशिवाय कसं ओळखू? आणि क्लेमेंटीनं पुढे या सोनाटिना स्वतः सुधारून छापल्या, ती छपाई कुठे बघायला मिळेल?

प्रतिसाद
ताई, पियानोतलं मला शून्य कळतं, कागदातलं थोडं. पान खिडकीशी उभं धरा. १७९४ नंतरच्या इंग्लिश कागदात बऱ्याचदा जलचिन्हात साल असतं, कारण निर्यातीवरची करसवलत त्याच्याशी जोडली होती. छपाई त्या सालाच्या आधीची नसते, एवढं नक्की. शिवाय पानाच्या तळाशी प्लेटचा (छपाईच्या कोरीव पत्र्याचा) आकडा किंवा प्रकाशकाचं नाव आहे का बघा. क्लेमेंटी १७९८ पासून स्वतःच प्रकाशन धंद्यात भागीदार होता. तळाशी त्याच्याच कंपनीचं नाव असेल, तर ही पहिली छपाई नव्हे.

प्रतिसाद
सुरांवरूनही कळेल. सुधारताना त्यानं काही जागा वरच्या सप्तकात नेल्या, कारण तोवर पियानोच्या पट्ट्या वाढल्या होत्या. पहिल्या सोनाटिनेची १७९७ची प्रत शेजारी ठेवून ताडून बघा. पद्धत समजून घ्यायची तर त्याचं १८०१चं शिकवणीचं पुस्तक वाचा, या सोनाटिना पुढे त्यालाच पुरवणी म्हणून जोडल्या होत्या. त्या पुस्तकाची हुबेहूब प्रतिकृती १९७४ साली अमेरिकेत निघाली आहे. आणि लेकीला हुशार म्हणा माझ्याकडून.

धागाकर्ती
दोघांचेही आभार! पान खिडकीशी धरलं. जलचिन्हात १८ स्वच्छ दिसतं. पुढचे दोन आकडे बांधणाऱ्यानं कडा कापताना उडवलेत. काय बोलणार. तळाशी मात्र "क्लेमेंटी आणि कंपनी" आहे. पहिल्या सोनाटिनेतल्या दोन जागाही खरंच वरच्या सप्तकात आहेत, म्हणजे सुधारित छपाईच हाती लागली म्हणायची. फक्त दुसऱ्या सोनाटिनेची दोन पानं वाळवीनं चाळणी केलीत, तिथली बोटं वाचता येत नाहीत. लंडनमध्ये कोणाकडे ब्रिटिश लायब्ररीचा वाचक पास असेल, तर तेवढी दोन पानं बघून आकडे कळवाल का? अंगठा + आहे, हे तेवढं लक्षात ठेवा.