'मनोरंजनच तर आहे' हे पालुपद आता पुरे

(टोपणनावांनी बोलणाऱ्या तिघांचा वाद)

रात्रपाळी: मालिका, सिनेमे, रील्स यांवर काही बोललं की उत्तर ठरलेलं: "एवढं काय मनावर घेता, मनोरंजनच तर आहे." २०१५च्या 'स्पेक्टर' या बॉण्डपटाची सुरुवात मेक्सिको सिटीतल्या मृतांच्या सणाच्या भव्य मिरवणुकीने होते. सण जुना, पण तशी मिरवणूक तिथे निघतच नव्हती; ती चित्रपटासाठी रचली होती. पुढच्याच वर्षी शहराने ती खरोखर काढली! तिथल्या लहान मुलांना ती पूर्वजांचीच वाटणार. मनोरंजन माणसांना असं घडवतं.

आडवा प्रश्न: उदाहरण झकास, निष्कर्ष घाईचा. सण त्यांचाच, सिनेमाने उचलला, त्यांनी वाढवून परत घेतला. परंपरा अशाच तयार होतात. पूर्वी हे काम दरबार आणि धर्मपीठं करायची. आणि प्रेक्षक म्हणजे मातीचा गोळा नव्हे. माध्यमांचे अभ्यासक स्टुअर्ट हॉल यांनी १९७३ मध्येच मांडलंय की बनवणारा एक अर्थ घालतो, बघणारा तो मान्य करतो, त्यात फेरफार करतो किंवा चक्क उलटा लावतो.

रात्रपाळी: हॉल मान्य, पण उलटा अर्थ लावायला वय आणि बळ लागतं. फिजीच्या नाद्रोगा भागात टीव्ही १९९५ मध्ये आला. संशोधक ॲन बेकर यांनी तेव्हा शाळकरी मुलींना विचारलं, तर वजन आटोक्यात ठेवायला मुद्दाम उलटी काढणारी एकही नव्हती. १९९८ मध्ये ११ टक्के निघाल्या. भरलेल्या अंगाचं कौतुक असलेल्या समाजात!

आडवा प्रश्न: दोन्ही वेळच्या मुली वेगळ्या होत्या, आणि दोन्ही गट जेमतेम साठ-पासष्ट जणींचे. टीव्ही नसलेल्या गावाशी तुलनाही नव्हती. एवढ्यावर फाशी?

मधली ओळ: मग ब्राझील घ्या, तिथे तुलना होती. ग्लोबो वाहिनी देशभर एकदम नाही, टप्प्याटप्प्याने पोचली. तिच्या मालिकांतल्या बहुतेक नायिकांना मूल नसे, किंवा एकच असे. वाहिनी जिथे पोचली तिथे जन्मदर जास्त घटला, आणि मुलांना पात्रांची नावंही पडू लागली. कुटुंब लहान ठेवा असा उपदेश कोणी केला नव्हता. उपदेश असता तर लोकांनी चॅनेल बदललं असतं, असं आपलं माझं मत.

आडवा प्रश्न: हा पुरावा वजनदार आहे, नाकारत नाही. पण गंमत बघा, बदल आवडला की टीव्हीने "जागृती" केली, नावडला की "बिघडवलं". टीव्ही बघणाऱ्या बायकांना तुम्ही एकदा शहाण्या ठरवता, एकदा भोळ्या.

रात्रपाळी: मी दोन्हीकडे एकच म्हणतोय, पडद्याने माणसं बदलली. चांगलं-वाईट तुम्ही आणलंत.

मधली ओळ: तेव्हा सगळे एकच मालिका बघायचे, म्हणून मोजता तरी आलं. आता एकाच घरात चार फोनांवर चार वेगळी जगं. कोणावर कशाचा परिणाम झाला, हे शोधणार कसं?

आडवा प्रश्न: म्हणजे यापुढे पुरावा मिळणार नाही, पण आरोप कायम. सोय छान आहे.

रात्रपाळी: पुरावा आहे की, ॲपवाल्यांकडे. कोण काय किती सेकंद बघतं ते सगळं त्यांच्या नोंदीत आहे. नुसतं मनोरंजन असतं तर एवढ्या नोंदी कशाला ठेवल्या असत्या?