शब्दचर्चा: 1923 चं ‘कौन्सिल’, त्याची मुदत आणि त्यातले सभासद

रानजाई: एका इंग्रजी लेखाचा अनुवाद करतेय. त्यात मुंबई इलाख्याच्या लेजिस्लेटिव्ह कौन्सिलात सी. के. बोले यांनी मांडलेला ऑगस्ट 1923 चा ठराव आहे: सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या करण्याचा. मी ‘विधान परिषदेचे आमदार बोले’ असं लिहिलं, तर तपासणाऱ्यांनी दोन्ही शब्द खोडले. शिवाय त्या कौन्सिलचा ‘कार्यकाळ’ म्हणू की ‘मुदत’?

माजघर: खोडलं ते बरोबरच. तेव्हा मुंबई इलाख्यात एकच सभागृह होतं. वरिष्ठ सभागृह आलं 1937 मध्ये, आणि आजचा वाचक विधान परिषद म्हणजे तेच समजणार. आमचे आजोबा ‘अमके कौन्सिलात गेले’ असं म्हणायचे. कायदेकौन्सिल लिहा.

शब्दवेल्हाळ: मराठीत ‘कायदेमंडळ’ असताना कौन्सिल कशाला?

माजघर: ‘कायदा’ तरी कुठला हो? अरबीच ना! रुळलेला शब्द आपलाच.

सुरंगी: आमचं आजोळ बडोद्याचं. तिथे धारासभाच म्हणत, गायकवाडांनी 1908 ला स्थापन केली तेव्हापासून. गुजरातीत आमदाराला अजूनही धारासभ्य म्हणतात. धारा म्हणजे शेतसारा. साऱ्याचं बघणारी ती धारासभा, असं मामा सांगायचे.

माजघर: मामांचं चुकलं. गुजरातीत ‘धारो’ म्हणजे कायदा. शेतसाऱ्याचा ‘धारा’ आपल्याकडचा.

सुरंगी: मामा बडोद्यातच वाढले. त्यांना गुजराती येत नव्हतं का?

पाणंद: मुदतीबद्दल बोलतो. मुदत सभागृहाची, कार्यकाळ माणसाचा. त्या कौन्सिलची मुदत तीन वर्षांची. 1930 साली निवडलेल्याला तर मुदतवाढ देत देत 1937 पर्यंत चालवलं. ‘कार्यकाळवाढ’ म्हणून बघा कसं वाटतं!

शब्दवेल्हाळ: मग 1937 च्या विधानसभेचं काय? मुदत पाच वर्षं. मुंबईच्या खेर मंत्रिमंडळाने नोव्हेंबर 1939 मध्ये राजीनामा दिला, अधिकार गव्हर्नरांकडे गेले, पुढची निवडणूक थेट 1946 ला. सभागृहाने काम केलं जेमतेम अडीच वर्षं. त्या अडीच वर्षांना कार्यकाळच म्हणायला हवं. ‘मुदत’ म्हणून ती मधली रिकामी वर्षं झाकली जातात, आणि ती झाकली जाऊ नयेत.

पाणंद: हे पटलं. पण 1923 ला असं काही झालं नव्हतं, तिथे मुदतच.

रानजाई: आभार. आणि ‘आमदार’ का खोडलं असेल?

सुरंगी: दिवाण-ए-आम, दिवाण-ए-खास, त्यावरून आमदार-खासदार आले असावेत. खोडायचं काय त्यात?

माजघर: ‘दार’ म्हणजे बाळगणारा: सुभेदार, फौजदार. आम जनतेला कोण बाळगतो? मला ‘सभासद’ आवडतो. शिवकाळात बखरकार कृष्णाजी अनंतांच्या नावापुढे होता.

शब्दवेल्हाळ: सभासद आता पतपेढीचे असतात. ‘सदस्य’ लिहा.

माजघर: पतपेढीने घेतला म्हणून आपण सोडायचा? मुळीच नाही.

सुरंगी: मामांच्या जुन्या वहीत ‘धारा’ शोधते. उद्या लिहीन.