मांडीच्या मागचे स्नायू फार आखडलेत, कोणते स्ट्रेच करू?

प्रश्न: वय ४३, दिवसभर खुर्चीत बसून काम. व्यायाम कित्येक वर्षं बंद आहे. उभ्याने वाकले तर हात जेमतेम गुडघ्याखाली पोचतात आणि मांडीच्या मागे सणकून ओढ बसते. जोर लावून पायाची बोटं धरायला गेले की दुसऱ्या दिवशी कंबर धरते. घरच्या घरी काय करू? फरक कधी पडेल?

उत्तर १: ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे. आधी ते वाकून बोटं धरणं थांबवा. हॅमस्ट्रिंग म्हणजे बैठकीच्या हाडापासून गुडघ्याच्या खालपर्यंत गेलेले तीन स्नायू. खुर्चीत गुडघे दुमडलेले, म्हणून ते तासन्‌तास पूर्ण ताणलेच जात नाहीत. मग वाकताना ते सैल होत नाहीत, पाठ गोल होते आणि सगळा ताण कमरेवर येतो.

पाच मिनिटं चालून पाठीवर झोपा. एका तळव्याला टॉवेल अडकवून तो पाय वर घ्या, दुसरा जमिनीवर सरळ. गुडघा किंचित वाकला तरी चालेल, पण कंबर जमिनीवरून उचलू नका. ओढ जाणवतेय आणि श्वासही सहज चालतोय, अशा जागी ३० सेकंद थांबा. प्रत्येक पायाला २ ते ४ वेळा. हिसके अजिबात नकोत. आठवड्यातून किमान २-३ दिवस, रोज जमलं तर फारच छान.

पोटरीत किंवा पावलात मुंग्या, बधिरपणा, विजेसारखी कळ येते का? तसं असेल तर ताणू नका, नस दबलेली असू शकते. आधी तपासून घ्या.

उत्तर २: मला खाली बसून उठणं जड जायचं, म्हणून मी खुर्चीवरच करते. कडेला बसायचं, एक पाय पुढे सरळ, टाच जमिनीवर, पाठ ताठ ठेवून कमरेतून नाही तर खुब्यातून पुढे झुकायचं. कामाच्या मधेही होतं. हळूहळू बूट घालताना वाकणं सोपं झालं, खरंच करून बघा.

प्रश्नकर्ती: मुंग्या नाहीत, ओढ फक्त मांडीतच आहे. टॉवेलवालं आजच करते.

उत्तर १: छान. फरक काही आठवड्यांत जाणवेल. सुरुवातीला स्नायू लांब होत नाही, ताण सोसायची सवय वाढते, त्यामुळे मधेच सोडलं तर पुन्हा आखडल्यासारखं वाटेल. सोबत ब्रिजही सुरू करा: गुडघे दुमडून झोपायचं आणि नितंब वर उचलायचे. नुसतं ताणून भागत नाही ताई, या स्नायूंत ताकदही हवी.